रोवणीच्या आत परत पाठवा

‘अर्जदाराच्या घरी फोन केला असता, असा कोणताही प्रवास ठरलेला नसल्याचे समजले. खुलासा करावा.’ दूतावासाचा हा ईमेल वाचून मी कपाळाला हात लावला. समोर सुशीलाबाई बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, नवरा वारलेला, दीर-जावेसोबत राहणाऱ्या. त्यांना एकटीनं इटली पाहायची होती.

तुमसरात मी व्हिसाचं काम करतो. राइस मिलवाले शेटजी टूर कंपनीसोबत जातात. झेंडा धरलेल्या गाइडच्या मागं चालायचं, काम फत्ते. सुशीलाबाईंना ते नको होतं. “जिंदगीभर ड्युटी लावली तिथं गेली. आता मले वाटन तिथं जाईन,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

याला इंडिपेंडंट ट्रॅव्हल म्हणतात. कोणत्या दिवशी कोणतं गाव, कोणतं हॉटेल, कोणती ट्रेन, सगळं आपणच ठरवायचं आणि अर्जासोबत जोडायचं. वरून बँक स्टेटमेंट, इन्शुरन्स, पेन्शनचे कागद, शेतीचा सातबारा. मुख्य म्हणजे तुम्ही परत येणार, हे दूतावासातल्या साहेबाला पटलं पाहिजे. त्याला धास्ती तेवढीच असते.

फाइल मी झकास लावली होती. तारखा मात्र बाईंनी निवडल्या. निघायचं रोवणीच्या आधी, परतायचं ती आटोपल्यावर. रोवणी म्हणजे धानाची लावणी. तेव्हा घरातलं झाडून सारं माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, उतरतं. मुद्दाम का, असं विचारलं तर बाई गालात हसल्या.

घोळ घातला जाऊबाईंनी. आमच्याकडे माणूस गाडीत बसेपर्यंत प्रवासाची वाच्यता करत नाहीत, नजर लागते. त्यात फोनवर अनोळखी आवाज, हिंदीत चौकशा करणारा. कोणी कोठी जाऊन नाही राहिलं, असं ठणकावून त्यांनी फोन ठेवून दिला.

मी खुलासा पाठवला आणि त्यांच्या घरी गेलो. पुन्हा फोन आला तर खरं सांगा, असं जाऊबाईंना बजावलं.

“सारं खरं?”

“सारं.”

काहून बोललो मी हे! दोन दिवसांनी सुशीलाबाई तणतणत ऑफिसात आल्या. फोन आला होता. जाऊबाईंनी साहेबाला सांगितलं होतं, “जाऊन राहिल्या जी, एकट्याच. पण रोवणीच्या आत परत पाठवा. घरी हात कमी आहेत. नाही पाठवलं तर मीच येतो न्यायले.” वरून रोवणी कधी लागते, तेही त्यांनी नीट समजावून दिलं होतं.

“गेला माहा व्हिसा,” सुशीलाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मलाही वाईट वाटलं.

पासपोर्ट परत आला. मी घाबरत घाबरत उघडला. व्हिसा होता! ही बाई परत येणार, हे साहेबाला पुरतं पटलेलं दिसत होतं. फक्त मागितले त्यापेक्षा दिवस कमी होते. रोवणी लागायच्या आधी संपणारे.

सुशीलाबाईंनी शेवटची तारीख दोनदा वाचली. मग हसत सुटल्या. “घरात तिचंच चालते, मले मालूम होतं. आता इटलीवालेही ऐकाले लागले.”

त्या एकट्या गेल्या, मनसोक्त फिरल्या, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी बांधीत उतरल्या. मी आता कुणाचाही अर्ज भरताना सातबारा नंतर मागतो. आधी विचारतो, घरी जाऊबाई आहेत का?