जराशी वाकी जाय

शहाद्याजवळच्या केळीच्या पॅकिंग शेडवर मी गाडी भरायला जातो. तिथे फण्या धुणारी एक बाई शेडमधल्या सगळ्या पुरुषांपेक्षा उंच आहे, पण उभी राहते ती गुडघ्यांत वाकून. डागी फणी हाताला लागली की ती लांबच्या क्रेटमध्ये भिरकावते. फणी कधी काठालासुद्धा लागत नाही.

हा नेम कुठला, असं मी एकदा विचारलं.

"कॉलेजमा बास्केटबॉलना संघमा व्हतू मी." तिने माझ्या गाडीकडे पाहिलं. "ह्या केळी दुबईले जातस ना? माले बी तठलाच क्लबनं बलावणं उनं व्हतं. पगार देणार व्हतात."

"मग?"

"साखरपुडा व्हई जायेल व्हता. सासरनास्नी जाऊ नही दिधं. लगीनमा हार टाकाले नवरदेवना हात पुरे नही, तवय सासू बोलनी, जराशी वाकी जाय."

ती हसली.

त्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली असतील. तिचे गुडघे अजून वाकलेलेच आहेत. फक्त डागी फणी फेकताना तिच्या टाचा जमीन सोडतात, आणि तेवढ्यापुरती ती पूर्ण उंच होते.