बाग्यांना पाणी

निजामाच्या अखेरच्या वर्षांत मी नांदेडला मामाकडे राहून शिकत होते. शाळा मुलींची, शिकवणं सगळं उर्दूत. वार्षिक परीक्षेच्या आधी वडील मुखेडहून आले आणि बजावून गेले, "पास झालीस तर शीक. न्हाई तर लातूरचं स्थळ हाय, ते लई दिवस थांबणार न्हाई." स्थळ वाईट नव्हतं. मला शाळा हवी होती, एवढंच.

तोंडी परीक्षा घ्यायला हैदराबादहून तपासनीस बाई आल्या. त्यांच्यापुढे आमच्या उस्तानी, म्हणजे वर्गाच्या बाईसुद्धा, उभ्याच. इतिहासात एका मलिकेचा धडा होता. ती तख्तावर बसताच सरदार उलटले, ते तिनं कसे आवरले. धडा मला तोंडपाठ होता. पण पुस्तकात बंडखोरांना 'सरकश' म्हटलं होतं, आणि तपासनीस बाईंनी विचारलं, "मलिका ने बागियों का क्या किया?"

'बागी' मी कधी ऐकला नव्हता. बागेतलं काहीतरी असेल असं धरून चालले. मलिकांना बागा असतातच.

"पानी दिया, हुजूर."

"पानी?"

"जी. खाद भी."

वर्ग खदखदला. मागून एक पोरगी कुजबुजली, "माळीणबाई, लातूरला मळा हाय का?" उस्तानी हलकेच मराठीत म्हणाल्या, "अगं, बागी म्हणजे बंडखोर."

"मग तसं विचारायचं ना," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. आता गेलंच आहे तर पुरतं जाऊ दे, म्हणून पुढं बोलले, "हुजूर, मराठीत सांगू का? सगळं येतं."

उस्तानींनी अडखळत उर्दू करून सांगितलं. तपासनीस बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बोलो."

मी सांगत गेले, उस्तानी मागोमाग उर्दू करत गेल्या. मलिकेनं आधी सरदारांत फूट पाडली. लोभी होता त्याला जहागीर दिली. आडमुठा होता त्याच्यावर स्वतः घोड्यावर बसून चालून गेली. सगळ्यांत हुशार होता त्याला मात्र मारलं नाही, चाकरीत घेतलं.

"क्यों?"

"बाहेर ठेवला तर पुन्हा उठेल, हुजूर. कामाला लावला की गुंतून राहील."

बाई पहिल्यांदा हसल्या. उस्तानींना म्हणाल्या, "यह भी बागी है. पास करो और काम पे लगाओ. छोटी बच्चियों को उर्दू यही समझाएगी, मराठी में."

लातूरकरांना वडिलांनी परस्पर निरोप धाडला, "पोरगी सरकारी कामात हाय. सवड न्हाई."

आज मी मुख्याध्यापिका आहे. एखादी पोरगी उलट बोलली की खडूची पेटी तिच्या ताब्यात देते. माझी खुर्ची अजून शाबूत आहे.