सतराचा पाढा

दातेरी चाकं कापणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे दातेमामा म्हणत. त्याच्या स्वतःच्या तोंडात वरचे दोन न् खालचा एक, एवढीच पुंजी. पण लोखंडाच्या चाकाला दात पाडायला बसला की केसाचा फरक होऊ द्यायचा नाही.

त्याचा एक हट्ट होता: चाक एकांड्या आकड्याचं कापायचं. एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कुणाचा भाग जात नाही, तो एकांडा. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस.

"लहान चाकाचा खोडसाळ दात मोठ्याच्या रोज त्याच दाताला लागला, की तो दात मेला," तो सांगायचा. "एकांड्या आकड्यात तो फिरत फिरत सगळ्यांच्या वाट्याला येतो. मार वाटून घेतला की कुणी मरत नाही."

आकडा पारखायची त्याची रीत साधी. येत असलेले पाढे मनात म्हणायचे. त्यांत आकडा सापडला तर बाद, नाही सापडला तर एकांडा.

थोरल्या बहिणीच्या पिठाच्या गिरणीचं मोठं चाक फुटलं. भाच्यानं भंगारवाल्याला बोलावूनच ठेवलं होतं.

"मामा, विकून टाकू. आईनं आता घरी बसावं."

"घरी बसून तुझ्या बायकोची भांडी मोजू का?" ताई म्हणाली. "चालतेय तोवर मी दळणार."

दातेमामानं लहान चाक पाहिलं. सतरा दात, त्यातला एक वेल्डिंगनं भरलेला. घासून घासून हात दुखले, तरी तो जाडच राहिला. मग त्यानं मोठं चाक एक्कावन्न दातांचं कापलं. एक्कावन्न त्याला कुठल्याच पाढ्यात भेटला नव्हता.

गिरणी लागली. थोडे दिवस सुखाचे गेले आणि मग ठकठक सुरू झाली. मामानं झाकण काढलं, तर मोठ्या चाकाचे तीन दात चघळल्यासारखे झालेले, बाकीचे नव्या नवरीसारखे.

"लोखंडच नासकं," मामा म्हणाला.

ताईनं भरलेल्या दाताला खडू फासला आणि पट्टा हातानं ओढला. मोठं चाक फिरलं. खडू तीन दातांना लागला. परत फिरवलं, परत तेच तीन.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न," ती म्हणाली. "तू बाराच्या पाढ्यालाच खिडकीतून उडी मारून पळालास ना रे?"

मामानं चघळलेल्या तीन दातांवरून बोट फिरवलं.

"सतराचा येत नव्हता, तर तिनाचा तरी दहाच्या पुढं म्हणायचास. नाहीतर पाच न् एक सहा. सहाला तिनाचा भाग जातो, म्हणजे एक्कावन्नलाही जातो."

"असं सगळ्यांनी भागत बसलो, तर चाक कधी कापू?"

"सातापर्यंत बघ, पुरे. सात साते एकोणपन्नास, आठ आठे चौसष्ट म्हणजे एक्कावन्नच्या पार. भागणारा मोठा असला, तर त्याचा जोडीदार साताच्या आतच सापडतो. सतराचा जोडीदार तीन, दाराशीच तर बसलाय."

भाचा हसला. "आई, हे तू गिरणीत शिकलीस?"

"शाळेत. मी खिडकीतून पळाले नव्हते."

भंगारवाल्याला भाच्यानं परवाचा वायदा दिला. मामाकडं एकच कोरं चाक उरलं होतं आणि त्यात बावन्नच दात बसत होते. मामा खडू घेऊन जमिनीवर बसला.

"बावन्न तर दोनानं जातो, चारानं जातो, तेरानंही जातो," भाचा म्हणाला. "मग एकांडा कसला?"

"नसू दे." मामा सावकाश बोलला. "सतराचा भाग जात नाही ना? लहानगा एकांडा आहेच. मोठ्यात त्याचं गोत्र नसलं की झालं. इतकी वर्षं मी दोघांनाही एकांडं करायचा हट्ट धरून बसलो, आणि चांगली चांगली चाकं बाद केली."

बावन्नचं चाक चढलं. अंतर जमवायला बेअरिंगखाली पत्र्याची पट्टी सारावी लागली. ताईनं परत खडू फासला. एका फेऱ्यात तीन दात पांढरे झाले, दुसऱ्यात त्यांच्या शेजारचे तीन. ती पट्टा ओढत राहिली, खडू फासत राहिली. शेवटी चाकाचा एकही दात काळा उरला नाही.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा गिरणीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ताई आत दळण ओतत होती. बाहेर ओट्यावर दातेमामा एका नव्या चाकाला कानस मारत पुटपुटत होता, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."