दोनदा वाचलेली कविता

माझी नणंद बस स्थानकावर घोषणा करते. गेली सव्वीस वर्षं. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली आहे. तिच्यात एक खुर्ची, एक माईक, गाड्यांच्या वेळांची फाटकी वही आणि आमच्या नणंदबाई. गाडीला उशीर होवो, कुणाची पेटी हरवो की कुणाचं मूल सापडो, तिचा सूर एकच. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. स्थानकावर तसा नियम आहे, पण तिने तो घरीही आणलाय. "वहिनी, चहा झालाय. वहिनी, चहा झालाय." घरात सगळे तिला भोंगा म्हणतात. मी तोंडावर नाही म्हणत. मी वन्सं म्हणते, कारण तो परकेपणा तिला भोंग्यापेक्षा जास्त लागतो.

हे मी फार प्रेमाने लिहीत नाहीये, हे एव्हाना कळलं असेलच. कारण सांगते. मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर असते आणि वाचनालय साडेसातला बंद होतं. त्यामुळे माझी मुलगी लहानपणी शाळा सुटली की आत्याकडे. काचेच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता, त्यावर बसून गृहपाठ करायची. मी धापा टाकत पोहोचायचे तेव्हा दोघी खिदळत असायच्या आणि मला पाहिलं की गप्प. "काय चाललं होतं?" असं विचारलं की "काही नाही." नऊ वर्षं मी हे 'काही नाही' ऐकलं. मुलगी सायकल शिकली ती स्थानकामागच्या आवारात. तिचा पहिला दात पडला तो भोंग्याच्या तळहातावर. मला तो कागदाच्या पुडीत मिळाला.

आता मुलीचं लग्न ठरलं. दोघांनी ठरवलं, विधी नकोत. एक लहानसा हॉल, चाळीस माणसं, सह्या आणि दोन्हीकडून एकेक कविता. "आई, आपल्याकडची तू निवड," मुलगी म्हणाली आणि मी हवेत तरंगायला लागले. पुस्तकांच्या बाबतीत तरी भोंग्याला इथे शिरकाव नव्हता. तीन आठवडे मी जुन्या मासिकांचे गठ्ठे उघडून बसले. चंद्राच्या कविता बाद केल्या, विरहाच्या बाद केल्या. एक फार सुंदर होती, पण तिच्यात तिसऱ्या कडव्यात नवरा मरत होता. "लग्न आहे की परीक्षा?" असं आमचे हे म्हणाले. मी सतरा कविता वहीत उतरवल्या आणि नळ सोडून न्हाणीघरात सगळ्या मोठ्याने वाचून पाहिल्या. वाचणार मीच, यात मला शंकाच नव्हती.

मुलीने सोळा भराभर उलटल्या आणि सतरावीवर थांबली. चार ओळी, खाली कवीचं नाव नाही. कधीच बंद पडलेल्या एका मासिकात पानाची जागा भरायला छापलेली असावी. मीसुद्धा ती वहीचं पान भरायलाच उतरवली होती.

तुला यायला उशीर होईल, तर होऊ दे.
मी इथेच आहे, याच बाकावर.
सामान खाली ठेव, श्वास घे,
मग सांग, काय काय झालं वाटेवर.

"हीच," ती म्हणाली. "आणि ही आत्या वाचेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला कविता आणि वेळापत्रक यांतला फरक तरी कळतो का गं?"

"नाही कळत," मुलगी हसून म्हणाली आणि तिने वही मिटली. पुन्हा तेच 'काही नाही'.

शनिवारी वन्सं वाचनालयात आल्या, कागदाची चौघडी घेऊन. "वहिनी, कवितेत आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, मला काही समजत नाही. एकदा ऐका ना." आणि वाचली. गाडी फलाट क्रमांक तीनवर लागावी तशी ती कविता लागली. वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा दचकून वर बघायला लागले. दहा मिनिटांत मी तिला शिकवू शकले असते. पण मनात म्हटलं, होऊ दे हिचं हसं. भर हॉलमध्ये होऊ दे.

"छान आहे," मी म्हणाले. "अगदी अशीच वाचा. स्थानकावर वाचता तशी. काहीही बदलू नका."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

लग्नात नवऱ्या मुलाकडच्या एका मैत्रिणीने आधी वाचलं. आवाज कापत होता, लोक डोळे टिपत होते. मग वन्सं उठल्या. माईकवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "कृपया लक्ष द्या." तिथेच खसखस पिकली. "तुला यायला उशीर होईल, तर होऊ दे," याला तर सगळा हॉल फुटला. मी मान खाली घालून मनसोक्त सुख घेतलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिने चारही ओळी तशाच वाचल्या. आणि सवयीने म्हणाली, "पुन्हा एकदा."

पुन्हा सुरू झालं, तेव्हा आवाज दोन होते. माझी मुलगी सहीचं पेन हातात धरून तिच्याबरोबर म्हणत होती, त्याच सपाट सुरात, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग कुणी हसलं नाही.

नंतर तिने मला मिठी मारली. "आई, मला भीती होती की तू आत्याला नीट वाचायला शिकवशील. बरं झालं, नाही शिकवलंस." मी तिच्या केसांतला गजरा सारखा केला. "तुला माहीत नाही ना? मी बाकावर रडायला लागले की आत्या माईक बंद करायची आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणायची, 'वाचनालयाहून येणारी आई पंधरा मिनिटं उशिराने येत आहे.' रोज. दोनदा. मग तू दारात दिसलीस की आम्हाला हसू यायचं, गाडी आली म्हणून. तुला सांगायचं नाही असं आत्याने बजावलं होतं. उशिराचं तुला वाईट वाटेल म्हणून."

म्हणजे नऊ वर्षं ज्या हसण्यावर मी जळले, ते माझ्या येण्याचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, तरीही मी जळलेच. ती घोषणा माझी होती आणि मला सोडून दोघींनी ती रोज ऐकली होती.

हॉल रिकामा होत होता. वन्सं कोपऱ्यात माईकची वायर गुंडाळत होत्या. "वहिनी, तुम्ही सांगितलंत तसंच वाचलं," त्या म्हणाल्या.

"मी ते मुद्दाम सांगितलं होतं," मी म्हणाले. "लोकांनी तुम्हाला हसावं म्हणून."

त्यांनी वायरीचा आणखी एक वेढा घातला.

"कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. मग त्याच सुरात, "कळलं होतं मला."