तीन सामन्यांचा गोलकीपर

मिरकरवाड्याच्या जेटीवर चाचांकडे किल्ली फेका वा लिंबू, ते दोन्ही हातांनी झेलून छातीशी धरत. एका हाताने कधीच नाही. मासळीवाल्या मुद्दाम बांगडा भिरकावत. "चाचा, गोल होईल हां." चाचा बांगडा शांतपणे पाटीत ठेवत. "ओला चामड्याचा बॉल म्हणजे धोंडा, बायांनो. एका हातानं झेललात तर मनगट जाईल."

महायुद्धात ते जहाजावर आगवाले होते. बॉयलरात कोळसा ओढत. इंग्लंडच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला लागले. तेथील फुटबॉल क्लबाचा गोलकीपर युद्धावर गेला होता. जहाजाच्या इंजिनिअरने चाचांना धक्क्यावर खेळताना पाहिले होते. खलाशांना बंदराबाहेर जाण्याची मनाई असताना त्याने त्यांना गुपचूप नेऊन तीन सामन्यांत उभे केले.

क्लबाच्या खेळाडूंच्या यादीत मात्र चाचांचे नाव नाही. हे कळल्यावर, रत्नागिरीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला मी स्वस्थ कसा बसणार? सविस्तर पत्र धाडले. पुराव्यादाखल जहाज कंपनीकडून मिळवलेला हजेरीचा उताराही जोडला. उत्तर आले: उताऱ्यानुसार सदर इसम त्या तिन्ही दिवशी जहाजावरच हजर होते, सबब ते खेळले असणे शक्य नाही. पुरावा मीच दिला आणि त्यांनी तो माझ्यावरच उलटवला. संताप झाला, तो क्लबावर आणि स्वतःवरही.

मी प्रतिज्ञापत्र तयार केले: 'त्या तीन दिवशी मी जहाजावर गैरहजर होतो.' चाचांनी ते दोनदा वाचले.

"मग माझ्या नावानं ओ कोणी दिली, विचारतील ना?"

"विचारतील."

"नाटे गावच्या इब्राहिमनं. माझी पाळी ओढायचा, मग स्वतःची. पुढच्या सफरीत दर्यानं नेला त्याला. त्याच्या जहाजाच्या नोकरीच्या कागदावर आजवर डाग नाही. आता मी पाडू?"

"मृत इसमावर कारवाई होत नाही, चाचा. कायदा स्पष्ट आहे."

"त्याची बायको जिती आहे, शिरस्तेदार. नवऱ्याचा तो एकच कागद आहे तिच्याजवळ. पेटीत ठेवते."

मी नाना परींनी वाद घातला, आठ दिवस बोललोही नाही. चाचा वाटेत भेटले की तेच हसून सलाम करीत. सही त्यांनी केली नाही.

चाचा गेले. दोन वर्षांनी इब्राहिमची बायकोही गेली. प्रतिज्ञापत्र माझ्या कपाटात आहे, मसुदा निर्दोष आहे. आता हरकत घेणारे कोणी उरले नाही. सही करणारेही नाही.