माहेरी जाताना लिहून दिलेला अर्ज

नव्वदीच्या दशकात मी रबाळ्याच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांचं पॅकिंग करत होते. नेमणूकपत्रात बाळंतपणाची बारा आठवड्यांची भरपगारी रजा छापलेली होती, पण ती घेतलेली बाई मला कधी दिसली नाही. सातवा महिना लागला की हेडक्लार्क कोरा कागद पुढे करायचे. ‘घरगुती कारणामुळे नोकरी सोडत आहे’ असं लिहून द्यायचं आणि माहेरी जायचं. बाळ जरा मोठं झालं की परत घ्यायचे, पण नवीन म्हणून. बाळंतपणाला माहेरी तर जायचंच असायचं, त्यामुळे यात फसवणूक आहे असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. मीही लिहून दिलं. शहाणपणा असा की, अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं.

संध्याकाळी कोपरखैरण्याला घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी. युनियनच्या सभांना बसून बसून त्यांना कायदा थोडाफार कळायचा.

“रजंवर जानारं मानूस नोकरी सोडली म्हनून लिहून देतंय व्हय?”

“सगळ्याच देतात.”

“मग सगळ्याच येड्या हायसा.”

मला राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी खाडा करून आम्ही सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. नेमणूकपत्र वाचून ते म्हणाले, “राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मिळालंय? नाही ना? मग लगेच लेखी मागे घ्या. रजेचा अर्ज द्या. आणि दोन्हींची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.”

तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांच्या टेबलावर मी दोन्ही अर्ज ठेवले.

“बाई, कशाला टेन्शन घेता? परत घेणारच आहोत ना?”

“घ्याल हो. पण आधी पोच द्या.”

ते आत साहेबांकडे गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, माझा राजीनामा माझ्याकडे सरकवला आणि नव्या अर्जांवर शिक्का मारला. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच खोक्यावर बसून रडले. त्या दुपारी पूर्ण डबा संपवला.

रजा संपवून मी जुन्याच हजेरी नंबरावर कामाला लागले. शेजारच्या टेबलावर एक ताई होत्या, दोन मुलांच्या आई. नऊ वर्षं राबल्या होत्या, पण कागदावर त्यांची नोकरी जेमतेम दीड वर्षाची. त्यांनी बाळाची चौकशी केली, हाताने शिवलेलं झबलं दिलं आणि हळूच विचारलं, “माझे दोन्ही अर्ज आता मागे घेता येतील का गं?”