कायतान मास्तरांचं नाव

ग्वाल्हेरात गुरूशिवाय वाजवणं म्हणजे बापाच्या नावाशिवाय गावात फिरणं. चौकशी होतेच. पंचाहत्तरी गाठलेले बळवंतराव जॅझ पियानो वाजवतात, स्वतः रचना करतात. त्या रचना दिल्ली-पुण्याची पोरं वाजवायला लागली, तेव्हा कुठे गावाला जाग आली आणि गाव शाल-श्रीफळ घेऊन धावलं. इतकी वर्षं काय झोपा काढत होते?

सत्काराच्या संध्याकाळी बळवंतराव विंगेत उभे होते. बाहेर निवेदक शिवाजीराव गळा काढून सांगत होते, की बळवंतरावांना सुरांची दीक्षा दिली ती एका थोर, दिवंगत गवयाने. त्या गवयाचा उंबरा बळवंतरावांनी जन्मात ओलांडला नव्हता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांचे गुरू कायतान मास्तर. गोव्याहून आलेले, गावातल्या पडाव भागातल्या एका हॉटेलात बँड चालवणारे. भिक्षुकाच्या घरातला बळवंत वडिलांचा मार खाऊन तिथे जायचा. मास्तरांनी त्याचा उजवा हात पाठीशी बांधून महिनोन्‌महिने नुसता डावा वाजवून घेतला. "आधी डावा चालायला शीक, मग उजव्याला नाचव," म्हणायचे. बळवंतरावांच्या सगळ्या रचना त्या डाव्या हातातून निघाल्या. मास्तर गेले तेव्हा खांदा द्यायला बँडवाले आणि बळवंत, एवढेच. गावातला एक गवई फिरकला नाही.

"त्या गवयाचं नाव कुणी दिलं?" त्यांनी विंगेत शेजारी उभ्या तन्वीला विचारलं. नात आणि पट्टशिष्याही तीच.

"मी दिलं, आजोबा. कमिटीवाले मानतच नव्हते. बोले, होटल के बँडवाले का नाम मंच से कैसे लें? सत्कारच कॅन्सल करत होते."

"करू द्यायचा होतास! लाज नाही वाटली? उद्या तुला कुणी गुरू विचारला तर माझंही नाव बदल. जे खपेल ते सांग."

तन्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मुळीच दया आली नाही.

ते तरातरा मंचावर गेले. पुढे आलेली शाल हाताने बाजूला सारली आणि माईक ओढून घेतला. गुरूचं नाव घेताना धरतात तसा कान धरला.

"माझे गुरू कायतान मास्तर. पडावाच्या हॉटेलात बँड वाजवायचे."

सभागृह खदखदून हसलं. म्हातारबुवा मिश्कील आहेत, असंच वाटलं सगळ्यांना. शिवाजीराव कानाशी लागले, "साहेब, बस हो गया, आता वाजवा."

बळवंतराव हलले नाहीत. कान तसाच धरून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हसू थोडं ओसरलं. पुन्हा म्हटलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, म्हणून त्या दिशेला बघत आणखी एकदा म्हटलं. पुढच्या रांगेतल्या माना खाली गेल्या.

मग मात्र कुणीच हसलं नाही. तेव्हा ते पियानोपाशी बसले आणि एकट्या डाव्या हाताने वाजवू लागले.